तारणहार नायकाचा शेवट खेळाडूला फसवा का वाटतो, आणि दुरुस्ती नेमकी कुठे करायची

प्रश्न थोडक्यात असा: साधारण पंचवीस तासांचा कथाप्रधान आरपीजी (एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम) आहे. नायकाविषयी जुनं भाकीत आहे, सोबत चार साथीदार आहेत आणि शेवटी जग वाचवण्यासाठी नायकाने प्राण द्यायचे आहेत. शेवटच्या कटसीनवर (खेळ थांबवून दाखवल्या जाणाऱ्या दृश्यावर) भरपूर मेहनत घेतली आहे, तरी चाचणीत बरेच जण "फसवल्यासारखं वाटलं" म्हणतात. नायकाला जगवावं, की दोन-तीन पर्यायी शेवट द्यावेत?

आत्ता तरी दोन्ही नको. नायक मेला म्हणून खेळाडू सहसा चिडत नाहीत. पंचवीस तास गेमने जे नियम शिकवले ते शेवटच्या दहा मिनिटांत मोडले गेले की चिडतात. तारणहाराच्या कथेत हे इतर कथांपेक्षा जास्त घडतं. त्याचं कारण कळलं की दुरुस्तीची जागाही सापडते, आणि ती जागा बहुतेक वेळा शेवटच्या कटसीनपासून बरीच आधी असते. (खाली अनेक गेमचे शेवट उघड केले आहेत. त्याशिवाय हा विषय बोलता येत नाही.)

नाटकात किंवा कादंबरीत "हाच तो, ज्याची वाट पाहिली" हे कळणं ही मोठी घटना असते. गेममध्ये त्यात नवं काहीच नसतं. खलनायक खेळाडू पोचेपर्यंत थांबून राहतो, मेनू उघडला की काळ थांबतो, दरीत पडून मेलेला नायक चेकपॉइंटवर पुन्हा उभा राहतो आणि गावातला प्रत्येक जण आपलं गाऱ्हाणं त्यालाच सांगतो. या जगाचं केंद्र आपण आहोत हे खेळाडूला पहिल्या अर्ध्या तासात ठाऊक झालेलं असतं. मग भाकीत ऐकून त्याला वेगळं काय वाटणार? मरणाचंही तेच. शेकडो वेळा मरून उठलेल्या माणसाला कटसीन सांगतो की या वेळचं मरण खरं आहे. नायकाचा जीव गेला हे कथेपुरतं ठीक, पण खेळाडूच्या हातातून काय गेलं? त्याच्या हातात मोजक्याच गोष्टी असतात: दिलेले तास, कमावलेली ताकद, जवळचे झालेले साथीदार, पुढे खेळत राहण्याची सोय आणि सेव्ह फाइल (खेळाची साठवलेली नोंद). बलिदानात यांतलं एक तरी जायला हवं, आणि ते नियमांच्या चौकटीत जायला हवं.

यापासून पहिली तपासणी निघते: "दुसरं कुणी का नाही?"

फॉलआउट ३ (२००८) हे याचं सर्वांत उघड उदाहरण. किरणोत्सर्गाने भरलेल्या दालनात शिरून पाणी शुद्ध करणारं यंत्र चालू करायचं असतं. यंत्राचा कोड २१६ आहे. बायबलच्या प्रकटीकरणातल्या २१:६ वरून तो घेतला आहे, जिथे तहानलेल्याला जीवनाचं पाणी फुकट देण्याचं वचन आहे. नायकाच्या वडिलांनीही याच यंत्रापायी जीव दिलेला. मांडणी फार चांगली आहे. पण त्याच वेळी खेळाडूशेजारी फॉक्स नावाचा सुपर म्यूटंट साथीदार उभा असू शकतो आणि त्याला किरणोत्सर्ग बाधत नाही. काही तासांपूर्वी व्हॉल्ट ८७ या भूमिगत आश्रयस्थानात याच फॉक्सने किरणोत्सर्गी खोलीत जाऊन खेळाडूला हवी असलेली वस्तू आणून दिलेली असते. शेवटी त्याला "तू जा" म्हटलं की तो हे तुझं विधिलिखित आहे अशा अर्थाचं बोलून नकार देतो. सोबत लढणाऱ्या सारा लायन्सला आत पाठवलं तर निवेदक खेळाडूलाच कमी लेखतो. म्हणजे नियम सांगतात "फॉक्स जाऊ शकतो" आणि कथा सांगते "तूच मर". खेळाडू नियमांवर विश्वास ठेवतो, आणि त्याचं बरोबरच आहे. मे २००९ मध्ये आलेल्या ब्रोकन स्टील या डीएलसीने (गेमला नंतर जोडलेल्या भागाने) किरणोत्सर्ग न बाधणाऱ्या साथीदाराला आत पाठवायची मुभा दिली आणि गेम पुढे चालू ठेवला. तक्रार मिटली, पण बलिदानाचा अर्थही गेला, कारण आता ते टाळणं हाच शहाणपणा ठरला.

तुमच्या गेमसाठी ही तपासणी कागदावर करा. प्रत्येक साथीदार, प्रत्येक शक्ती, प्रत्येक वस्तू, प्रत्येक गट आणि प्रवासाचं प्रत्येक साधन यांची यादी करा. प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहा: शेवटचं संकट याने टळेल का? "हो" किंवा "कदाचित" आलं की तीन मार्ग उरतात. पहिला, संकटाचं स्वरूपच बदला. किरणोत्सर्ग, आग, विष यांचा गेममध्ये प्रतिकार असेल तर शेवटचा धोका त्यांपैकी नको. दुसरा, तो पर्याय खेळाडूच्या डोळ्यांदेखत आधीच फसू द्या, आणि तोही शेवटच्या निदान दोन-तीन तास आधी. ऐन क्षणी फसला तर ती पळवाट वाटते. तिसरा, तो पर्याय खरोखर खुला ठेवा आणि त्याला स्वतःची किंमत लावा. यात सर्वांत जास्त काम आहे आणि निकालही याचाच सर्वांत चांगला येतो. साथीदाराच्या तोंडी नकाराचा डायलॉग घालणं हा चौथा मार्ग. तो स्वस्त असल्यामुळे सगळे घेतात आणि त्याने काहीच साधत नाही.

तिसरा मार्ग नीट कसा बांधायचा ते ड्रॅगन एज: ओरिजिन्स (२००९) मध्ये पाहा. नायक ग्रे वॉर्डन या योद्ध्यांच्या पंथातला आहे, आणि आर्चडीमनला (ड्रॅगनच्या रूपातल्या एका जुन्या देवाला) मारणारा वॉर्डन स्वतःही मरतो. हे रहस्य रिओर्डन हा ज्येष्ठ वॉर्डन शेवटच्या कूचेच्या आदल्या रात्री सांगतो. शेवटच्या क्षणी हे कळत नाही, त्यामुळे खेळाडूला विचार करायला अख्खी मोहीम मिळते. त्याच रात्री मॉरिगन ही जादूगार साथीदार एका विधीचा प्रस्ताव आणते: त्यातून जन्मणाऱ्या मुलात त्या जुन्या देवाचा आत्मा जाईल आणि कुणी मरणार नाही, मात्र ते मूल ती घेऊन जाईल. म्हणजे नायक मरू शकतो, अॅलिस्टर किंवा लोगेन (त्या खेळात जो वॉर्डन सोबत असेल तो) मरू शकतो, किंवा कुणी न मरता भविष्यावर कर्ज चढतं. एकही वाट फुकट नाही. स्त्री वॉर्डनचं अॅलिस्टरवर प्रेम असेल आणि शेवटच्या लढाईत तो सोबत असेल, तर तो खेळाडूला विचारत बसत नाही, स्वतःच पुढे होतो. तारणहार होण्याचा हक्क साथीदारालाही असतो हे इथे नियमातच आहे. त्याला स्वतःची इच्छा आहे, म्हणून त्याच्या मरणाने खेळाडूचं काहीतरी खरोखर हिरावलं जातं. या रचनेतून तीन गोष्टी उचला. मरणाचा नियम आधी सांगा, किमान तीन वाटा ठेवा, आणि सांगणं व करणं यांच्यामध्ये प्रत्यक्ष खेळ असू द्या. मधे नुसती बोलणी असली तर निर्णय खेळाडूच्या मनात मुरत नाही.

आता मास इफेक्ट ३ (मार्च २०१२). शेपर्ड तर मेलेला आणि परत आणलेला नायक. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच तो मरतो आणि लाझरस प्रकल्पातून पुन्हा उभा केला जातो. तिसऱ्या भागाच्या शेवटी एका मुलाच्या रूपातला कॅटलिस्ट (संकटामागची यंत्रबुद्धी) भेटतो आणि तीन वाटा देतो: नाश, नियंत्रण, संगम. लाल, निळा, हिरवा. रंग सोडून दृश्यं जवळपास सारखीच आहेत अशी तक्रार गाजली आणि ती खरी होती. पण मला त्याखालची चूक जास्त मोठी वाटते. कॅटलिस्टचा सगळा युक्तिवाद असा की घडवलेली यंत्रं आणि जिवंत प्रजाती यांच्यात संघर्ष अटळ आहे. पण नीट खेळणाऱ्या खेळाडूने काही तासांपूर्वी रॅनॉक ग्रहावर क्वेरियन आणि त्यांनीच घडवलेली यंत्रं गेथ यांच्यात समेट घडवून आणलेला असतो. त्याची स्वतःची सेव्ह फाइल त्या युक्तिवादाला खोटं ठरवते, आणि हे बोलून दाखवायला गेम त्याला जागा देत नाही. शिवाय मूळ आवृत्तीत युद्धसज्जतेचा आकडा ५० टक्क्यांवर अडकलेला असे आणि तो वाढवायला मुख्यतः मल्टिप्लेअर (इतर खेळाडूंसोबत ऑनलाइन) खेळावं लागे. म्हणजे कथेतल्या तारणहाराचं फळ कथेबाहेरच्या मेहनतीवर अवलंबून होतं. जून २०१२ मध्ये आलेल्या मोफत एक्स्टेंडेड कटने शेवटानंतरची चित्रं वाढवली, लागणारे आकडे खाली आणले आणि तिन्ही वाटा नाकारण्याचा चौथा पर्याय दिला. नाकारलं तर ही संस्कृती हरते आणि लढाई पुढच्या चक्रावर, म्हणजे नंतर येणाऱ्या संस्कृतींवर जाते. हा चौथा पर्याय कडू आहे, पण प्रामाणिक आहे. ज्या तारणहाराला "नाही" म्हणता येत नाही त्याच्या "हो"ला किंमत नसते, हे टीमला उशिरा का होईना मान्य करावं लागलं.

म्हणून दुसरी तपासणी: शेवटी जो कुणी नायकाला जगाचं तत्त्वज्ञान सांगतो, त्याचं प्रत्येक विधान घ्या आणि सर्वांत यशस्वी खेळाडूच्या सेव्ह फाइलवर लावून पाहा. एखादं विधान खोटं ठरत असेल तर ते काढा, नाहीतर खेळाडूला प्रतिवादाची ओळ द्या. जमलं तर हा सांगणारा नवा नकोच. शेवटच्या पंधरा मिनिटांत पहिल्यांदा भेटलेल्या पात्राच्या शब्दावर जीव द्यायला कुणाचं मन धजावत नाही.

भाकितावर थोडं जास्त बोलायला हवं, कारण सर्वाधिक कष्ट इथे वाया जातात. बहुतेक गेममध्ये भाकीत म्हणजे मागच्या दाराने आणलेली कथेची रूपरेषा असते: असा एक येईल, हे करेल, ते करेल. मग खेळाडू ते करतो आणि सगळे "खरं ठरलं" म्हणतात. यात ताण नाही. भाकीत कामाला लावायचं तर दोन प्रश्न विचारा. ते कुणी पसरवलं, आणि ते खरं मानल्याने कुणाचं फावतं?

मॉरोविंड (२००२) मध्ये नेरेवरीनचं, म्हणजे नेरेवर या जुन्या वीराच्या पुनर्जन्माचं भाकीत आहे. त्याच्या काही खुणा नायकाला लागू पडतात हे आधी सम्राटाच्या दरबाराच्या लक्षात येतं, आणि त्याला मॉरोविंड प्रांतात पाठवण्यामागे राजकारण आहे. पुढे एका गुहेत याआधी "तोच तो" ठरलेल्या आणि अपयशी झालेल्या दावेदारांची भुतं भेटतात. प्रत्येकात काहीतरी होतं, प्रत्येकाचं काहीतरी राहून गेलं. या एका दृश्यातून खेळाडूला कळतं की भाकीत खुणा देतं, हमी देत नाही. तुमच्या गेममध्ये असे अपयशी पूर्वज आणणं फारसं महाग नाही. चार-पाच थडगी, प्रत्येकी एक वस्तू आणि दोन-दोन ओळी पुरतात. मात्र ते जिथे चुकले त्या जागा नायकाच्याही वाटेवर असू द्या.

फायनल फँटसी १० (२००१) त्याहून खोल जातो. यूनाची यात्रा ही बलिदानाचीच यात्रा आहे. शेवटची शक्ती बोलावून सिन या संकटाला हरवायचं आणि मरायचं. सोबतच्या सगळ्यांना हे माहीत असतं, फक्त निवेदक टीडसला नसतं, आणि त्याला कळतं ते जवळपास निम्म्या वाटेवर. पुढे झनारकंदला पोचल्यावर उलगडतं की ती शेवटची शक्ती होण्यासाठी एका रक्षकाला स्वतःला द्यावं लागतं, आणि सिनला हरवणारी तीच शक्ती पुढचा सिन बनते. शांतता तात्पुरती, बलिदान कायमचं, आणि धर्मपीठाची सत्ता या चक्रावर उभी. तारणहार पैदा करणारी व्यवस्थाच संकटाला जिवंत ठेवते. इथे नायिका नकार देते. नंतरची लढाई मला डिझाइनच्या दृष्टीने फार मोलाची वाटते: गेमभर जमवलेले सगळे एऑन (यूना मदतीला बोलावते ते शक्तिमान जीव) एकेक करून बोलवायचे आणि स्वतःच्या हाताने मारायचे. त्या टप्प्यावर खेळाडूच्या गटातला कुणी कोसळला तरी आपोआप उठतो, त्यामुळे हरण्याची भीती जवळपास नसते. अवघडपणा मुद्दाम काढून घेतला आहे, म्हणजे लक्ष फक्त गमावण्यावर राहतं. खेळाडूची कमावलेली ताकद त्याच्याच हातून जाते, आणि त्यानंतर टीडसचं नाहीसं होणं पटतं, कारण किंमत आधीच चुकती व्हायला लागलेली असते. शेवटच्या लढाईची अवघडता वाढवायचीच असते असा समज आहे. बलिदानाच्या कथेत उलट करून पाहा.

ड्रॅगन एज: इन्क्विझिशन (२०१४) मध्ये लोक नायकाला अँड्रास्टेने (त्या जगातल्या धर्माच्या पूज्य स्त्रीने) पाठवलेला दूत मानतात, आणि स्वतःला काय वाटतं हे खेळाडूला पुन्हा पुन्हा विचारलं जातं. नंतर कळतं की नायकाच्या हातावरची जादुई खूण अपघाताने आली आणि त्याच्यामागे लोकांनी पाहिलेली स्त्री अँड्रास्टे नव्हती. सत्य कळूनही सैन्य त्या श्रद्धेवरच चालत राहतं. हा विषय हाताळायचा असेल तर श्रद्धेचे प्रश्न गेमच्या सुरुवातीला, मध्यात आणि सत्य उघडल्यावर असे किमान तीनदा विचारा आणि उत्तरं साठवा. एकदाच विचारलं तर ती नुसती पात्राची ओळख होते. तीनदा विचारलं तर खेळाडूला स्वतःची बदललेली भूमिका दिसते.

भाकितं इतकी का येतात याचं एक साधं तांत्रिक कारणही आहे. नायकाचं नाव खेळाडू ठरवतो, आणि आवाज देणारे कलाकार ते नाव उच्चारू शकत नाहीत. म्हणून सगळ्यांनी हाक मारायला एक पदवी लागते. ती पदवी "निवडलेला", "वारस", "दूत" अशी ठेवली की तारणहाराची कथा आपोआप मागे लागते, कुणी ठरवलेली नसतानाही. पदवी कामाची ठेवा: कॅप्टन, वॉर्डन, नाविक, वैद्य. दोन अक्षरी-तीन अक्षरी असली तर ध्वनिमुद्रणात वाक्यात सहज बसते. तारणहारपण नंतर लोकांनी चिकटवलं तर ती घटना ठरते. पदवीतच भरलेलं असेल तर त्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. द विंड वेकर (२००२) मध्ये तर सुरुवातच अशी आहे की संकटात लोकांनी जुन्या वीराची वाट पाहिली आणि तो आलाच नाही. राज्य पाण्याखाली गेलं. नव्या मुलाचा त्या वीराशी काही संबंध नाही. त्याला ट्रायफोर्स या पवित्र वस्तूचे आठ तुकडे समुद्रतळातून गोळा करून तो मान कमवावा लागतो. सुरुवातीच्या काही चित्रांत एवढं वजन तयार झालं आहे.

आता वाचवल्या जाणाऱ्या लोकांकडे वळू. तारणहाराच्या कथेत ते बहुधा निष्क्रिय असतात, आणि निष्क्रिय लोकांसाठी मरणं खेळाडूला बोचत नाही. अर्थबाउंड (१९९४) मध्ये गिगास या शेवटच्या खलनायकावर कुठलंच शस्त्र अखेर चालत नाही. नायकाची साथीदार पॉला हिची प्रार्थना चालते. ती वाटेत भेटलेल्या माणसांपर्यंत पोचते, ते आपापल्या जागी थांबून या मुलांसाठी प्रार्थना करतात, आणि सरतेशेवटी ती पडद्यासमोर बसलेल्या खेळाडूपर्यंत येते, ज्याचं खरं नाव गेमने आधीच विचारून ठेवलेलं असतं. एक मेनूतला पर्याय, काही छोटी दृश्यं, एवढ्यात वाचलेली माणसं वाचवणारी होतात. तुमच्याकडे चार साथीदार आहेत. शेवटच्या लढाईत गावकऱ्यांपैकी ज्यांना खेळाडूने मदत केली असेल त्यांची एकेक ठोस कृती घाला: कुणी दार धरून ठेवतं, कुणी पूल कापतं. मदत केली नसेल तर ती जागा रिकामी राहू द्या, तिथे पर्यायी माणूस भरू नका. रिकामी जागा खेळाडूच्या लक्षात येते.

जुन्या गेमपैकी अल्टिमा ४ (१९८५) अजूनही अभ्यासावा असा आहे. त्यात शेवटचा खलनायक नाही. आठ सद्गुण आहेत आणि गेम खेळाडूचं वागणं गुपचूप मोजतो. आंधळ्या विक्रेतीला औषधी वनस्पतींचे पैसे कमी दिले की प्रामाणिकपणा घटतो, भिकाऱ्याला दिलं की करुणा वाढते. अवतार (सद्गुणांचा आदर्श) होणं हे जन्माने ठरत नाही, हिशेबाने ठरतं. मग १९९० मध्ये अल्टिमा ६ ने तोच अवतार दुसऱ्या बाजूने दाखवला: गार्गॉइल लोकांच्या दृष्टीने तो खोटा प्रेषित आहे, कारण त्याने ज्ञानग्रंथ नेला आणि त्यांचं जग कोसळू लागलं. एकाचा तारणहार दुसऱ्याचा विध्वंसक असू शकतो, हा विचार मालिकेच्या मागच्या यशावर उभा आहे. एकाच गेममध्ये तो आणायचा असेल तर पहिल्या भागातल्या एखाद्या विजयाचं नुकसान कुणाला झालं ते दुसऱ्या भागात दाखवा, आणि त्या नुकसानीत खेळाडूने प्रत्यक्ष दाबलेलं बटण असू द्या.

मरणाचा नियम मोडायचा असेल तर तो नियम म्हणूनच मोडा. क्रोनो ट्रिगर (१९९५) मध्ये मुख्य नायक समुद्रातल्या महालात मध्येच मरतो आणि खेळाडूच्या गटातून खरोखर नाहीसा होतो. तोवर प्रत्येक गटात त्याचं असणं सक्तीचं होतं, आता त्याच्याशिवाय गट निवडावा लागतो. त्याला परत आणणं ऐच्छिक आहे, त्याच्याविनाही गेम संपवता येतो. पडद्यावरचे अश्रू जे करू शकत नाहीत ते मेनूतली ती रिकामी जागा करते. निअर: ऑटोमाटा (२०१७) त्याच्या पुढे गेला. पाचव्या शेवटात श्रेयनामावलीशीच लढावं लागतं, एकट्याने ते जवळजवळ अशक्य होतं, आणि मग दुसऱ्या खेळाडूंची मदत येते. ती मदत कशातून आली हे नंतर कळतं: त्या प्रत्येकाने आपला सगळा सेव्ह डेटा पुसायला संमती दिली होती. आता तुम्हालाही विचारलं जातं, एका अनोळखी माणसासाठी द्याल का? "हो" म्हटलं की मेनूचा एकेक भाग डोळ्यांसमोर पुसला जातो. तारणहाराचं बलिदान खेळाडूच्या खऱ्या मालमत्तेवर आलं. याची नक्कल करायची असेल तर सावध राहा. संमती एकाहून अधिक वेळा घ्या, काय जाणार ते स्पष्ट लिहा, आणि नकाराला कथेत शिक्षा देऊ नका. न विचारता डेटा पुसला तर तो निव्वळ विश्वासघात आहे.

शेवटानंतरचं जग हा भाग छोटा आहे, पण इथे पैसे वाचवता येतात. चार साथीदार, प्रत्येकाच्या तीन अवस्था (जवळचा, दुरावलेला, मेलेला) धरल्या तर एकूण ८१ जोड्या होतात. ८१ कटसीन कुणीच बनवणार नाही, म्हणून टीम घाबरून एकच सरसकट कटसीन करते. त्याऐवजी प्रत्येक साथीदाराला शेवटच्या दृश्यात स्वतंत्र जागा द्या आणि त्या जागेत तीनपैकी एक तुकडा बसवा. तुकडे १२ होतात आणि ८१ जोड्या आपोआप निघतात. अट एकच: तुकडे एकमेकांचा उल्लेख करू नयेत. स्थिर चित्र आणि निवेदन पुरेसं आहे, १९९७ च्या पहिल्या फॉलआउटने हे दाखवून दिलं. त्याचा शेवट मला आजही तारणहार-कथेतला सर्वांत नेमका वाटतो. १५० दिवसांच्या मुदतीत पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची चिप आणून आपला व्हॉल्ट वाचवायचा, पुढे मोठं संकटही मोडायचं, आणि दाराशी ओव्हरसिअर (व्हॉल्टचा प्रमुख) सांगतो की आता आत येऊ नकोस. तुला पाहून तरुण मुलं बाहेर पडतील, व्हॉल्ट टिकणार नाही. इथे नायक मरत नाही. त्याला घरपण गमवावं लागतं, आणि ते तर खेळाडूने परतण्यासाठीच जपलेलं असतं.

उलट बाजूला असॅसिन्स क्रीड ३ (२०१२). डेसमंड या नायकापुढे दोन भविष्यं ठेवली जातात. जग जळू दिलं तर तो वाचलेल्यांचा नेता होईल, मेल्यावर देव होईल आणि त्याचे शब्द पुढच्या पिढ्या माणसांवर सत्ता गाजवायला वापरतील. जग वाचवलं तर कोंडून ठेवलेली जूनो ही प्राचीन, धोकादायक शक्ती मोकळी सुटेल आणि तो मरेल. तारणहाराच्या भोवती धर्म कसा साठतो यावर इतका थेट विचार मोठ्या गेममध्ये क्वचितच सापडतो. पण तो काही मिनिटांच्या संभाषणात उरकला आहे आणि निवड खेळाडूकडे नाही. ही कल्पना आधीच्या तासांत पेरली असती, एखाद्या छोट्या वस्तीत नायकाचे शब्द वाकवले जाताना दिसले असते, तर शेवटी तिला जोर आला असता.

तुमच्या गेमवर कामाचा क्रम असा ठेवा. आधी "दुसरं कुणी का नाही"ची यादी. ती एका दिवसात होते आणि बहुतेक तक्रारींचं मूळ तिच्यातच निघतं. मग मरणाचा नियम कथेच्या साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत मागे ओढा. तुमच्या मापाने म्हणजे पंधराव्या ते अठराव्या तासाच्या आसपास. मग नकाराची वाट, तिच्या परिणामासकट. मग भाकितात खोट किंवा अपयशी दावेदार. साथीदारांचे १२ तुकडे त्यानंतर. कटसीनला हात सर्वांत शेवटी लावा, आणि बहुधा लावावाच लागणार नाही.

पुढची चाचणी घेताना फक्त शेवटचा टप्पा उघडून देऊ नका. तयार सेव्हवरून शेवटचा तास खेळलेल्याला साथीदार परके असतात, त्याचं मत कटसीनच्या देखणेपणापुरतंच असतं. किमान पाच-सहा तास आधीपासून खेळू द्या, आणि निम्मे जण तरी सुरुवातीपासूनचे हवेत. शेवटच्या लढाईआधी थांबवून विचारा, "आता काय होईल असं वाटतं?" कुणालाच मरणाची शंका नसेल तर पेरणी कमी आहे. सगळ्यांनी अचूक सांगितलं आणि कंटाळून सांगितलं तर जास्त आहे. संपल्यावर "आवडलं का" विचारू नका. कुणी काय गमावलं आणि का, एवढं त्याच्या शब्दांत सांगायला लावा. "का" सांगताना अडखळला तर नियमात भोक आहे. मग न बोलता बसून राहा आणि तो कंट्रोलर ठेवतो की शेवटचा सेव्ह पुन्हा उघडतो ते बघा. उघडला तर अडवू नका. तो कुणाला पाठवून पाहतो, कुठली वस्तू वापरून पाहतो, कुठल्या दाराला हात लावतो, ते सगळं टिपून घ्या आणि पहिल्या यादीत भरा.